बाहेरची कडी

सिनेमातले दरोडेखोर घरात शिरण्याआधी पायपुसण्यावर पाय पुसतात.

मी खोटं सांगत नाही. दोन धिप्पाड माणसं, तोंडाला काळी फडकी, एकाच्या हातात सुरा. आणि उंबऱ्यात येऊन दोघंही आधी एक पाय पुसतात, मग दुसरा. मगच आत. गालिचा भाड्याचा होता म्हणे, डाग पडला असता तर भरून द्यावं लागलं असतं. हे मला माहीत आहे, कारण या सिनेमाचा लेखक आणि दिग्दर्शक माझा नवरा आहे. गालिचा भाड्याचा असला तरी घर आमचं आहे, आणि ते पायपुसणं मी स्वतः निवडून आणलेलं आहे.

बोलावलेल्या लोकांसाठी दुपारचा खास खेळ होता. मी मधल्या रांगेत, शेजारी आमची भिंगरी. तिचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून पोरगी एका जागी म्हणून थांबली नाही, तेव्हा भिंगरीच पडलं. आता दहा वर्षांची आहे. नवरा पुढच्या रांगेत, निर्मात्यांच्या शेजारी, नव्या कोटात. अधूनमधून मान वळवून लोकांचे चेहरे बघत होता, माझा सोडून.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा गांगरला की तो मी दाबते. शिकायला येणारे माझ्या पाठीमागे मला ब्रेकबाई म्हणतात आणि मला ते माहीत नाही असं समजतात. सांगायचा मुद्दा एवढाच की घाबरलेली माणसं हा माझा रोजचा धंदा आहे. चांगली शिकलीसवरलेली, भरघोस मिशीची माणसं समोरून ट्रक आला की स्टिअरिंग सोडून डोळे झाकून घेतात. म्हणून घाबरण्याचा मला राग येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे मला कुणी कैदाशीण म्हणायचं.

तर सिनेमा. सुरा होता, पण त्याचं तोंड कायम जमिनीकडे. दरोडेखोराने हात उगारला की कॅमेरा लगबगीने खिडकीच्या पडद्याकडे वळायचा. इतके पडदे मी पडद्यांच्या दुकानातसुद्धा पाहिलेले नाहीत. माझं काम करणारी नटी कडक इस्त्रीच्या कपड्यांत होती. चोरांना पाहून तिने एक किंकाळी मारली, तीही बेताचीच, आणि सोफ्यावर अशी बेशुद्ध पडली की केसांची एक बट विस्कटली नाही. दरोडेखोरांनी तिच्या पायांवर चादर घालायचीच काय ती बाकी होती. शिवी नाही, थप्पड नाही. "मॅडम, कृपया आवाज करू नका," असं म्हणतो तो सुरेवाला. कृपया! पहिल्या गिअरमधून वर जायला घाबरणारा शिकाऊ गाडी कशी चालवतो? गाडी रांगते आणि इंजिन बोंबलतं. इथे संगीत बोंबलत होतं.

आमच्या घरी जे आले होते त्यांनी पाय पुसले नव्हते.

दोन वर्षं झाली त्याला. सुट्टीची दुपार होती. मी जेवणाची भांडी आवरत होते, भिंगरी स्वयंपाकघराच्या फरशीवर रंगीत खडू पसरून बसली होती. नवरा त्याच्या खोलीत. त्याची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली अडगळीची खोली. जुने डबे, सुटकेसी काढून तिथे टेबल टाकलं आणि त्याने स्वतःच्या हाताने दाराला आतून कडी बसवली. लिहिताना कुणी दार ढकललं की त्याची तंद्री मोडते. कडी लागलेली असली की लेखक लिहितोय असं समजायचं आणि चहासुद्धा विचारायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. त्या दुपारी मात्र उकाड्यामुळे दार सताड उघडं होतं.

बेल वाजली. गॅसची गळती तपासायला आलोय म्हणाले. मी दार उघडलं. पुढचं सगळं सांगत बसत नाही. एकाने माझा हात पाठीमागे पिरगाळला तेव्हा मनगटात काहीतरी तुटल्याचा आवाज मीच ऐकला. दुसऱ्याने भिंगरीला केसांना धरून उठवलं. आणि तेव्हा मी त्या खोलीकडे पाहिलं. नवरा दारात आला होता. त्याने मला पाहिलं, भिंगरीला पाहिलं, त्या दोघांना पाहिलं. माझी आणि त्याची नजरानजर झाली. मग तो एक पाऊल मागे गेला, दार लोटलं, आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

भिंगरी त्या माणसाच्या हातातून निसटली आणि त्या दाराशी धावली. दोन्ही हातांनी दार वाजवत राहिली. "बाबा, दार उघड! बाबा, आईला मारतायत!" तो माणूस हसला. त्याने तिला उचलून माझ्याजवळ आणून टाकली. मग त्यांनी घर उचकलं, दागिने घेतले, फोन घेतले, जाताना एकाने फ्रीजमधली बाटली काढून तोंड लावून पाणी प्यायलं. दार उघडलं नाही. ते गेल्यावरही उघडलं नाही. माझी ओरड ऐकून शेजारचे आले, त्यांनी पोलिसांना बोलावलं, तेव्हा कुठे आमचे साहेब बाहेर आले. पोलिसांना म्हणाला, कानाला हेडफोन लावून झोपलो होतो.

माझ्या मनगटाला प्लास्टर घातल्यावर, मी दवाखान्याच्या बाकावर बसले असताना तो माझ्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "माझे हातपाय गळाले. मी कडी कधी लावली मलाच कळलं नाही. मी उघडायला गेलो, पण हात उचलेचना." मी ऐकून घेतलं. सांगितलं ना, घाबरलेली माणसं मला नवीन नाहीत. मग तो म्हणाला, "तू कुणाला सांगू नकोस. मीच सांगेन. मी हे जसंच्या तसं लिहीन, सगळ्या जगासमोर. भिंगरीलासुद्धा मीच सांगेन. एवढं माझ्यावर सोड."

मी सोडलं. माझी आई, माझी बहीण, झाडून सगळ्यांसमोर मी हेडफोनची गोष्ट खरी असल्यासारखी मूग गिळून बसले. भिंगरीने विचारलं, "बाबाने दार का नाही उघडलं?" तर मी म्हणाले, "बाबाच सांगेल तुला." तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच. मग तिने विचारणं बंद केलं आणि घरातली दारं बंद करणं बंद केलं. बाथरूमला गेली तरी दाराच्या फटीत चप्पल घालून ठेवते, आणि मी बाहेर राखण करत उभी राहते. शाळेच्या बाईंनी तक्रार केली, तिथेही चप्पलच.

पण त्याने लिहिलं होतं, हे मी नाकारत नाही. पहिला मसुदा त्याने मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात माणूस मागे जातो, कडी लावतो, आणि मग कितीतरी पानं फक्त त्या खोलीतली आहेत: बाहेरचे आवाज, मुलीचं दार वाजवणं, आणि आत कडीकडे बघत बसलेला माणूस. वाचताना त्याचा आवाज फुटत होता. मीही रडले. मला वाटलं, चला, माझा नवरा निदान कागदावर तरी वाघ आहे. घर शूटिंगला हवं म्हणाला, दिलं. आम्ही दोघी माझ्या बहिणीकडे जाऊन राहिलो. माझा ओटा, माझी भांडी, माझ्या खिडक्या, सगळं त्या लोकांच्या ताब्यात दिलं. त्याला खऱ्या जागी खरं सांगायचं होतं ना.

परत आले तेव्हा सेटचा सुतार सामान बांधत होता. त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं तर आतली कडी गायब. आत चार स्क्रूंची भोकं होती, ती लांबीने बुजवून वरून रंग मारलेला. आणि तीच कडी बाहेरच्या बाजूला बसवलेली.

"हे काय?" मी सुताराला विचारलं.

"सरांनीच सांगितलं, ताई. आणि तोडायची दारं वेगळी केलीत बरं का, तीन. आतून पोकळ. सरांचा हिरो नाजूक आहे, खांदा दुखायला नको."

मला काही बोध झाला नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, आत कॅमेरा मावत नव्हता. लावू परत." मला वाटलं, असेल, सिनेमावाल्यांचं काय सांगावं. परत लावायचं राहून गेलं. भिंगरीला बरंच वाटलं, आतून बंद न होणारं एक तरी दार घरात झालं.

आता पुन्हा थिएटरात या. सोफ्यावर बेशुद्ध बाई. दरोडेखोर कपाट उघडतायत, तेही हँडल धरून, सभ्यपणे. भिंगरी माझ्याकडे सरकली आणि कानात म्हणाली, "आई, मी कुठे आहे?"

मी पडद्यावर शोधायला लागले. खरंच, मुलगी कुठे आहे? तेवढ्यात पडद्यावरच्या नवऱ्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहून म्हटलं, "बरं झालं, आज आपली छकुली मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आहे."

"मी वाढदिवसाला गेले होते?" भिंगरीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग?"

पडद्यावर तेवढ्यात नवरा धावून आला, दोघांनी मिळून त्याला आमच्या अडगळीच्या खोलीत ढकललं, आणि सुरेवाल्याने बाहेरून कडी लावली. माझी कडी. बाहेरून. कॅमेरा तिच्या इतका जवळ गेला की तिच्यावरचा रंगाचा ओघळसुद्धा मला ओळखता आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा मावत नव्हता म्हणे! दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते या माणसाने चार स्क्रू फिरवून उलटं करून टाकलं होतं.

हिरोने खांद्याने धक्का दिला. एक, दोन, तीन, आणि पोकळ दाराचे तुकडे उडाले. टाळ्या पडल्या. शेवटी तर सुरेवाला रडायलाच लागला, आई आजारी आहे म्हणाला, हिरोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पोलिसांना सांगितलं, यांना जरा सांभाळून न्या. मी मनगट दाबून धरलं होतं. थंडीत ते अजून ठणकतं, आणि त्या थिएटरात थंडी भरपूर होती.

बाहेर हॉलमध्ये फुलांचे गुच्छ आणि सरबताचे पेले फिरत होते. निर्माते हात जोडत माझ्याकडे आले. "वहिनी, कसा वाटला? एका तरी प्रेक्षकाला मान खाली घालावी लागली का? नाही! सगळं घर मिळून बसून बघेल असा दरोडा केलाय आपण. मूळ मसुद्यात काय तर हिरो कडी लावून बसतो! मी म्हटलं, दिग्दर्शक साहेब, असल्या शेळपट माणसाला बघायला तिकीट कोण काढेल? त्यांनाही पटलं. लगेच पटलं."

लगेच. मला वाटत होतं निदान भांडला तरी असेल.

तेवढ्यात हातात माईक घेतलेली एक मुलगी पुढे आली. सिनेमा खऱ्या घटनेवर आहे हे जाहिरातीत ठळक छापलेलं होतंच. "ताई, तुमच्या पतीचं ते शौर्य पुन्हा डोळ्यांसमोर पाहताना काय वाटलं?"

मी तोंड उघडलं. त्याआधी नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि हळव्या आवाजात म्हणाला, "ती अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही. प्लीज, तिला त्रास देऊ नका."

मी सावरलेली नाही! दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर घातलेल्या हाताने मी लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. आणि हा सहा महिने बेल वाजली की ताटावरून दचकून उठायचा. तिथेच त्याची कोटाची बाही ओढून सगळं सांगावं असं वाटलं. पण भिंगरी माझा हात धरून उभी होती, तिला मी एका माईकसमोर हे ऐकवणार नव्हते. मी त्या मुलीला एवढंच म्हणाले, "पायपुसणं फार छान होतं." तिने मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

गाडी लांब, मागच्या गल्लीत लावली होती. टपावर शिकाऊचा बोर्ड असतो ना, तो निर्मात्यांना दिसू नये म्हणून. "आज मी चालवतो," नवरा म्हणाला. खुशीत होता. गुच्छ मागच्या सीटवर भिंगरीच्या मांडीवर. मी शिकवणाऱ्याच्या जागी बसले.

सिग्नल ओलांडल्यावर मागून भिंगरीने विचारलं, "बाबा, तू खरंच दार तोडलं होतंस?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनात म्हटलं, आता बोल. अजून वेळ आहे. सगळा सिनेमा खोटा निघाला तरी चालेल, हे एक उत्तर खरं दे.

"सिनेमात थोडं वाढवून दाखवावं लागतं गं," तो म्हणाला.

"पण तोडलं होतंस का?"

त्याने आरशात तिच्याकडे पाहिलं. "अगं, मला कोंडलं होतं ना त्यांनी. मी खूप प्रयत्न केला. तू किती लहान होतीस तेव्हा. तुला नीट आठवत नसेल."

मी ब्रेक दाबला. माझ्या बाजूचा, पूर्ण खालपर्यंत. गाडी रस्त्याच्या मधोमध गचकन थांबली, गुच्छ खाली पडले, मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"वेड लागलंय का तुला?" नवरा ओरडला. "मागून कुणी ठोकलं असतं म्हणजे?"

"उतर," मी म्हणाले. "मी चालवते."

घरी येईपर्यंत आरशात भिंगरी दिसत होती. कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न करत होती. आपल्याच डोक्यातलं खरं की बापाने सांगितलेलं खरं, हे ती तपासून बघत होती, आणि बापाच्या बाजूला टाळ्या वाजवणारं एक अख्खं थिएटर होतं. तिच्या बाजूला मी होते, आणि मी आजवर तोंडाला कुलूप लावून बसले होते. थोडं थांबले असते तर पोरीने स्वतःची आठवण सोडून दिली असती. वाढदिवसालाच गेले होते म्हणाली असती.

घरी आल्यावर नवऱ्याने सिनेमाचं चौकटीत बसवलेलं मोठं पोस्टर उचललं आणि त्याच्या खोलीत गेला. भिंतीवर कुठे शोभेल ते बघत होता. मी मागोमाग गेले, दार लोटलं आणि कडी लावली. बाहेरून. नवी बसवलेली असल्यामुळे लोण्यासारखी सरकली.

"काय गं हे?" आतून तो हसला. "पुरे झाली चेष्टा. उघड."

"तोड," मी म्हणाले.

"काय?"

"दार तोड. कडी बाहेरून आहे, तू आत आहेस, सगळं अगदी सिनेमातल्यासारखं आहे. तीन धक्के पुरतात. आम्ही आत्ताच बघून आलो."

त्याने खरंच एक धक्का मारला. आमचं दार सुताराच्या दारांसारखं पोकळ नाही. दार जागचं हललं नाही, तोच आतल्या आत कळवळला.

"उघड ना," आता आवाज बदलला होता. "हे बघ, तुला राग आलाय, मला कळतंय. निर्मात्यांपुढे माझं काही चाललं नाही. पैसा त्यांचा आहे. असा सिनेमा कुणी काढूच दिला नसता."

"नसता काढायचा. तुला सिनेमा काढायला मी सांगितलं नव्हतं. मला तू शब्द दिला होतास."

"आपण नंतर बोलू. भिंगरी ऐकेल."

"ती इथेच उभी आहे," मी म्हणाले. "त्या दिवशीही इथेच उभी होती."

भिंगरी केव्हा येऊन उभी राहिली होती मलाही कळलं नव्हतं. पायात एकच चप्पल, दुसरी बाथरूमच्या दारात असणार. ती दाराजवळ गेली. तिची उंची वाढली आहे. तेव्हा जिथे तिचे हात पोचले होते तिथे आता तिची हनुवटी येते. तिने कडीवर बोट ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "तेव्हा कडी कुठे होती?"

मी दात ओठ खात उभी होते. या वेळी खोटं बोलला असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसलेलंच बरं.

"आत," तो म्हणाला.

"कुणी लावली?"

"मी."

"मी दार वाजवत होते ते तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"सगळं?"

"सगळं आलं होतं, भिंगरी. मी घाबरलो होतो. खूप घाबरलो होतो."

ती दाराकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. पण तिने एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "मला वाटायचं मीच हळू वाजवलं."

मी ओट्याला धरलं. दोन वर्षं. दोन वर्षं ही पोर मनातल्या मनात ते दार जोरात वाजवत होती. मी रोज रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालत होते आणि म्हणत होते, बाबाच सांगेल. आणि तो हिरोला पोकळ दारं करून देत होता, खांदा दुखू नये म्हणून. इतका संताप मला चोरांचाही आला नव्हता. चोरांनी मनगट मोडलं, ते जुळलं तरी.

आतून काहीतरी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. बहुतेक तो खाली बसला असावा. "तू खूप जोरात वाजवलं होतंस," तो म्हणाला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "दार हादरत होतं."

कडी भिंगरीने काढली. मी काढणार नव्हते, निदान त्या संध्याकाळी तरी नाही. दार उघडलं तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता, चुरगळलेल्या कोटात, शेजारी पोस्टर उलटं पडलेलं. त्याने हात पुढे केले. भिंगरी गेली नाही. उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहून म्हणाली, "सिनेमात मी घरी का नव्हते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"तू घरी असतीस," तो म्हणाला, "तर दार वाजवलं असतंस, आणि मला ते उघडावं लागलं असतं."

"पण मी होते घरी."

"होतीस."

"मग उद्या त्या माईकवाल्या ताईला सांग," भिंगरी म्हणाली. "वाढदिवस नव्हता म्हणून सांग. मी घरी होते."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, पडद्यावर निर्मात्यांचं नाव. नेहमी पहिल्या घंटेला उचलणारा माणूस फोन वाजू देत बसून राहिला. वाजून वाजून तो बंद झाला. सांगेल की नाही मला माहीत नाही. नाही सांगितलं तर मी सांगणार आहे, आणि मला माईकसुद्धा लागत नाही, दिवसभर चालत्या गाडीत ओरडायची सवय आहे. हे मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. घाबरला ते मी केव्हाच सोडून दिलं होतं. माझ्या पोरीला घरातून काढून वाढदिवसाला पाठवली, ते सोडणार नाही.

मी हत्यारांच्या डब्यातून स्क्रूड्रायव्हर आणला आणि बाहेरची कडी काढायला लागले. नवरा उठून आला. "दे, मी काढतो," म्हणाला. मी दिला नाही. चारही स्क्रू काढून कडी त्याच्या हातात ठेवली.

"आत लावू परत?" त्याने विचारलं.

"नको," भिंगरी म्हणाली.

तिने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दाराच्या आतल्या बाजूला गेली. सुताराने भरलेली लांबी चांगली वाळली होती, रंगही बेमालूम जुळवलेला, पण ती जागा तिला पाठ होती. तिने टोक टेकवलं आणि उकरायला लागली. पांढरा भुगा तिच्या पायावर पडत होता. पहिलं भोक मोकळं झालं, मग दुसरं.

"काय करतेस?" त्याने विचारलं.

"दिसायला पाहिजेत," ती म्हणाली, आणि तिसऱ्याकडे वळली.